चार तारे, पाचवा फोन न उचलल्याबद्दल कापला

नाव लिहीत नाही. आमच्या सीए बाईंनीच बजावलंय, "नाव-बिव टाकू नकोस, आम्हाला जाहिरात चालत नाही." सीएंना गिऱ्हाईक मागत फिरायला १९४९ च्या त्यांच्या कायद्यातच मनाई आहे, आणि आमच्या बाई इतक्या काटेकोर की दाराबाहेरची पाटीसुद्धा वहीच्या पुठ्ठ्याएवढी. तेव्हा पत्ता एवढाच: टिळक रोड, जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. खरंच गरज असेल त्याने मला विचारावं, मी जिन्यापर्यंत सोडते.

गरज कोणाला, तर परदेशात इंग्रजी शिकवायला निघालेल्यांना. मी कोथरूडमध्ये बारा वर्षं स्पोकन इंग्लिशचे क्लास घेत होते. २०२२ मध्ये हायफोंगच्या एका भाषा केंद्रात नोकरी लागली. हायफोंग म्हणजे उत्तर व्हिएतनाममधलं बंदराचं गाव, हनोईहून गाडीने दोन तास. पगार महिना ३ कोटी ६० लाख डोंग. आईने फोनवर मावशीला "कोटीत पगार आहे" असं सांगून टाकलं. रुपयांत तो सव्वा लाखाच्या आसपास येतो, हे पुढचं वाक्य तिने गाळलं.

जुलै २०२२ मध्ये पहिल्यांदा बाईंकडे गेले ती खरं तर टॅक्ससाठी नव्हेच. शहरातल्या एका एजंटाने १ लाख २० हजार रुपये आणि डिग्रीचं मूळ सर्टिफिकेट "सिक्युरिटी म्हणून" मागितलं होतं. पैसे कुठून उभे करायचे हे विचारायला मी नवऱ्याच्या मित्राच्या ओळखीने तिथे पोचले. बाईंनी पैशांचं ऐकूनच घेतलं नाही. "हा ई-मायग्रेटवर आहे का?" मला ई-मायग्रेट म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परदेशी नोकऱ्या लावणाऱ्या एजंटाला सरकारी नोंदणी लागते, यादी त्या पोर्टलवर असते, आणि उमेदवाराकडून घ्यायच्या फीला ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढीच मर्यादा आहे. बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. यादीत आमचे साहेब नव्हते. "आणि मूळ डिग्री? ती तर तिकडच्या मालकालाही ठेवून घेता येत नाही. इथे बसून हा कोण मागणारा?" टेबलाच्या खणातून त्यांनी व्हिएतनामच्या २०१९ च्या कामगार कायद्याच्या इंग्रजी भाषांतराचा गठ्ठा काढला. चाकणच्या एका कंपनीतला इंजिनिअर आधी हायफोंगला जाऊन आला होता, त्याच्या कामासाठी काढलेली प्रिंट. कलम १७ ला पेन्सिलीची खूण होती.

एजंट तिथेच सुटला. मी केंद्राला थेट ईमेल केला, त्यांनी थेट करार पाठवला. मग मुंढव्याला पासपोर्ट सेवा केंद्रात पीसीसी, म्हणजे पोलिसांचा दाखला, डिग्रीसाठी मुंबईच्या वाऱ्या आणि शेवटी व्हिएतनामच्या वकिलातीचा शिक्का. इंग्रजी मातृभाषा नसल्यामुळे इंग्रजी येतं याचा वेगळा दाखला. त्या रामायणात इथे शिरत नाही.

आता करार. हा भाग मला सविस्तर सांगायचाय, कारण या कामाचे बाईंनी पंधराशे रुपये घेतले आणि माझ्या सगळ्या परदेशवारीत तेवढा वसूल झालेला दुसरा खर्च नाही.

बारा पानं होती. डावीकडे व्हिएतनामी, उजवीकडे इंग्रजी. मी कौतुकाने सुट्ट्यांचं पान उघडून दाखवत होते. बाई पगाराच्या ओळीवर थांबल्या. पेन्सिलीचं टोक त्या आकड्याखाली टेकवून म्हणाल्या, "हा हातात पडणारा, की कापायच्या आधीचा?" इंग्रजी रकान्यात नुसतं "मासिक वेतन". एजंट तर सतत "हातात मॅडम, हातात" करत होता. बाईंनी मला तिथेच बसवून एका ओळीचा ईमेल लिहायला लावला. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: आकडा टॅक्सच्या आणि विम्याच्या आधीचा. बाईंनी तिथल्या तेव्हाच्या नियमांनी हिशोब मांडला. सामाजिक आणि आरोग्य विम्याचे मिळून साडेनऊ टक्के, त्यालाही वरची मर्यादा, म्हणजे २८ लाख डोंग. मग स्वतःसाठीची महिन्याची १ कोटी १० लाखांची सूट वजा करून उरलेल्यावर ५, १०, १५, २० टक्के अशा चढत्या पायऱ्या, तेही २८ लाखांच्या आसपास. (ही सूट २०२६ पासून १ कोटी ५५ लाख, पायऱ्याही वेगळ्या. आता जाणाऱ्यांनी माझे आकडे वापरू नयेत.) थोडक्यात, महिन्याला ५६ लाख डोंग जाणार. एकोणीस हजार रुपये. मी तोपर्यंत सव्वा लाखावर ईएमआय आणि आईचा महिना असं सगळं बसवून मोकळी झाले होते.

अजून दोन ठिकाणी पेन्सिल फिरली. प्रोबेशन ९० दिवस लिहिलं होतं. डिग्री लागणाऱ्या अशा कामाला तिथल्या कायद्यात ६० दिवसांच्या वर प्रोबेशन नाही आणि त्या काळातही ८५ टक्के पगार द्यावाच लागतो. नोकरी सोडायची तर ६० दिवसांची नोटीस, नाहीतर दोन महिन्यांचा पगार भरा, असंही होतं. आमच्यासारख्या दोन वर्षांच्या कराराला कायदा ३० दिवस म्हणतो. "भांडू नकोस," बाई म्हणाल्या, "नुसतं विचार, हे साठ कुठून आले म्हणून." मी विचारलं. केंद्राने दोन्ही बदलून दिलं, सॉरीसुद्धा म्हणाले. बहुतेक कुठल्यातरी जुन्या नमुन्यावरून उतरवलं असावं. त्या तीस दिवसांनी वर्षभराने मला वाचवलं, कारण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी महिन्याभरात मोकळी होऊ शकले.

उठताना त्यांनी दोन गोष्टी वहीत लिहून घ्यायला लावल्या. एक, नोकरीसाठी देश सोडलास की फेमा या परकीय चलनाच्या कायद्याने तू त्याच दिवसापासून अनिवासी. इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं इथल्या पैशांचं खातं, करून घे, आणि तिकडून पाठवायच्या पैशांसाठी एनआरई खातं उघड. दोन, पगार आधी तिकडच्या खात्यात पडू दे, मग इकडे पाठव. थेट पुण्याच्या खात्यात मागवू नकोस, पहिल्यांदा पैसे हातात कुठे आले यावरून उगीच वाद होतात. दुसरं मी ऐकलं. पहिलं नाही. बँकेत दोनदा गेले, दोनदा काउंटरवरच्या मुलीने वेगळा फॉर्म दिला, आणि मी कंटाळून तशीच विमानात बसले. त्यावरून पुढे जो ओरडा खाल्ला तो बाहेरच्या बाकावर बसलेल्या दोन माणसांनीही ऐकला.

आता तारा कुठे गेला ते. हायफोंगला पहिल्या दोन पगारांतून टॅक्सचे ७२-७२ लाख डोंग कापले गेले. सरसकट २० टक्के. मी घाबरून स्लिपचा फोटो बाईंना पाठवला, फोन केला, परत केला. सलग चार दिवस उत्तर नाही. ऑक्टोबर, ऑडिटचा हंगाम, हे मला आता कळतं. तेव्हा परक्या गावात भाड्याच्या खोलीत बसून कळत नव्हतं. पाचव्या दिवशी रात्री साडेअकराला व्हॉइस मेसेज आला, मागे कुकरच्या शिट्ट्या: "अगं, त्यांनी तुला तिकडची अनिवासी धरलंय. डिसेंबरअखेर तुझे १८३ दिवस भरत नाहीत ना, म्हणून. पण पहिल्या वर्षी कॅलेंडरवर अडायचं नसतं, तू पोचलीस तिथून सलग बारा महिने मोजायचे. तुझा करार दोन वर्षांचा आहे. अकाउंटंटला जाऊन हे सांग."

अकाउंटंट मुलीला मी कॅलेंडर दाखवून, बोटं मोजून सांगितलं. तिला पटलं. पुढच्या महिन्यापासून कपात २८ लाखांवर आली आणि आधीचं जास्तीचं वर्ष संपल्यावरच्या हिशोबात परत मिळालं. माझ्या फिलिपिनो मैत्रिणीचं वेगळंच. तिला नोकरीचा करार नव्हताच, "सेवा करार" होता. त्यावर १० टक्केच कापले जायचे म्हणून ती खुशीत असायची. विमा नाही, भरपगारी सुट्टी नाही, वर्षाअखेरचा टॅक्सचा हिशोबही तिचा तिनेच करायचा, हे तिला तेतच्या, म्हणजे तिकडच्या नववर्षाच्या, सुट्टीत आजारी पडल्यावर समजलं.

परत आले ऑक्टोबर २०२३ मध्ये. जून २०२४ मध्ये रिटर्नसाठी पुन्हा तोच जिना. आणि इथे बाईंचं खरं काम बघायला मिळालं.

त्यांनी पासपोर्ट मागितला आणि भिंतीवरून, खिळ्याला अडकवलेल्या गठ्ठ्यातून, २०२२ आणि २०२३ ची जुनी कालनिर्णय काढली. बाई कालनिर्णय टाकत नाहीत. दिवस मोजायला ठेवतात. मी म्हणाले, २० ऑगस्टला गेले. त्यांनी भिंग लावून शिक्का बघितला. "२१." मी रात्री कॅबने निघाले होते, मुंबईच्या इमिग्रेशनपर्यंत मध्यरात्र उलटली होती. एप्रिल ३०, मे ३१, जून ३०, जुलै ३१, ऑगस्ट २१: १४३. तेतच्या सुट्टीत घरी आले ते १५ जानेवारी ते २ फेब्रुवारी: आल्याचा दिवस धरायचा, गेल्याचाही धरायचा, म्हणून १९. एकूण १६२. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीयाला त्या वर्षी १८२ दिवसांची मुभा असते, म्हणजे २०२२-२३ साली मी अनिवासी. त्या वर्षीच्या हायफोंगच्या पगारावर इथे एक रुपया टॅक्स नाही. प्रत्येक महिन्याखाली पेन्सिलीने आकडा, एकादशीच्या चौकटीवरून बारीक रेघ. मी दहावीच्या पोरांचे पेपर इतक्या काळजीने तपासलेले नाहीत.

मग २०२३-२४. ५ ऑक्टोबरला परतले. तिथून मार्चअखेर १७९, फेब्रुवारी २९ चा होता त्यासकट. मधे जूनमध्ये भाचीच्या लग्नाला आले होते ते १२ दिवस. १९१. झालं! मी कपाळाला हात लावला. त्या लग्नात मानपानावरून आधीच पुरेसं झालं होतं, आता टॅक्सही त्याच्यामुळेच, असा माझा सूर लागला. बाई थंडपणे म्हणाल्या, "भाचीला कशाला बोल लावतेस? लग्नाला आली नसतीस तरी हेच होतं." १८२ ची सवलत जाताना असते, किंवा परदेशात राहणारा इथे भेटीला येतो तेव्हा असते. मी भेटीला आले नव्हते, कायमची परतले होते. मग साधा नियम: त्या वर्षात ६० दिवस आणि मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ भरले की इथले निवासी. दोन्ही माझे केव्हाच भरले होते. "१८२, १८२ करत येतात सगळे," त्या असिस्टंट मुलाकडे बघून म्हणाल्या, "निम्मा नियम पाठ."

म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर २०२३ चा हायफोंगचा पगार इथे दाखवायचा. साधारण साडेसात लाख रुपये. त्यावर तिकडे टॅक्स भरून झालेला. दोन देशांमधला टॅक्सचा करार आहे, त्यामुळे तिकडे भरलेल्याचं क्रेडिट मिळतं, पण त्यासाठी फॉर्म ६७ ऑनलाइन भरायचा आणि सोबत भरल्याचा पुरावा जोडायचा. पुरावा म्हणजे केंद्राने दिलेलं कपातीचं प्रमाणपत्र. ते निघण्यापूर्वी हातात घे, असा मेसेज बाईंनी सप्टेंबरमध्येच न विचारता केला होता. चार दिवस फोन न उचलणाऱ्या बाईंनी. त्यासाठी अर्धा तारा परत देते. म्हणजे साडेचार, पण इथे अर्धे देता येत नाहीत.

आता प्रमाणपत्र तिकडच्या वर्षाचं आणि रिटर्न आपल्या एप्रिल-मार्चचं. जुळेना. बाईंना महिन्यामहिन्याच्या स्लिपा हव्या होत्या. माझ्याकडे कागद एकही नव्हता, पण घाबरून बाईंनाच पाठवायची सवय लागल्यामुळे सगळ्या स्लिपांचे फोटो त्यांच्याच व्हॉट्सॲपवर पडून होते! असिस्टंट मुलगा वर वर सरकवत राहिला; मधे माझे समुद्राचे फोटो, एक नूडल्सचा बाऊल, आणि तीन वेळा "मॅडम, आहात का?"

आकडे सांगते, कारण बहुतेकांचा गैरसमज इथेच असतो. हायफोंगचा पगार आणि परतल्यावर पाच महिने एका शाळेत केलेली नोकरी धरून नव्या कररचनेत माझा टॅक्स आला ४३,६८०, सेससकट. त्या सहा महिन्यांचा व्हिएतनाममध्ये भरलेला होता सुमारे ५६ हजार. मला वाटलं, चला, वरचे बारा हजार परत मिळणार. बाई हसल्या. क्रेडिट मिळतं ते त्याच उत्पन्नावर इथे जेवढा टॅक्स बसला असता तेवढंच, माझ्या बाबतीत पस्तीस हजारांच्या आसपास. उरलेले आठेक हजार इथे भरले. व्हिएतनामने घेतलेला जास्तीचा पैसा भारत सरकारने का परत करावा, असं त्यांनी उलट मलाच विचारलं. उत्तर नव्हतं.

रिटर्न आयटीआर-२. त्यात शेड्यूल एफए म्हणून परदेशातल्या मालमत्तेचा तक्ता असतो, आणि तो आपल्या आर्थिक वर्षाचा नाही, जानेवारी ते डिसेंबरचा. तिकडच्या बँकेत माझे १८ लाख डोंग राहिले होते. सहा हजार रुपये! मी म्हटलं, सोडा. बाईंनी चष्मा काढला. परदेशी मालमत्ता लपवली तर २०१५ च्या काळा पैसा कायद्यात १० लाखांचा दंड आहे. माझ्यासारख्या किरकोळ बँक खात्यांना त्यातून सूट आहे, पण दंडाला सूट म्हणजे रकान्याला सूट नव्हे. भरला. आता सरकारदरबारी माझ्या नावावर "परदेशी मालमत्ता" आहे, आणि ते मावशीला सांगायचं काम आईने केलेलं आहे.

एका गोष्टीची चुटपुट मात्र आहे. पगारातून जो सामाजिक विमा कापला जात होता, त्यातल्या पेन्शनच्या भागाचे पैसे देश सोडताना अर्ज करून एकरकमी घेता येतात. एका वर्षाच्या भरण्याला साधारण दोन महिन्यांच्या सरासरी पगाराएवढे. हे बाईंना माहीत नव्हतं. मला पुण्यात आल्यावर चार महिन्यांनी दुसऱ्या एका शिक्षकाकडून कळलं. बाईंनी प्रामाणिकपणे मान्य केलं, "हे मी बघितलंच नव्हतं. मी तिकडची वकील नाही गं." बरोबर आहे. पण मी गेलेच होते ती सगळं एका छताखाली बघणारं कोणीतरी मिळालं म्हणून. आता मैत्रिणीमार्फत खटपट चालू आहे. बघू.

फी: करार वाचायचे पंधराशे, रिटर्न आणि फॉर्म ६७ मिळून साडेसात हजार अधिक जीएसटी. शेजारच्या पेठेत तीन हजारांत रिटर्न होतं हे मलाही माहीत आहे. तिथे मी २०२३ मध्ये चौकशी केली होती, त्यांनी पासपोर्ट मागितलाच नाही, फक्त विचारलं, "एनआरआय ना?"

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू, कलमांचे आकडे वेगळे. बाईंनी त्याची प्रत आणून ठेवली आहे. त्यात निम्म्या पानांवर आत्ताच पेन्सिल आहे.

बाईंकडे जाणार असाल तर: जुलैत आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात नका जाऊ. दुचाकी लांब लावून चालत या, गल्लीत उचलतात. पासपोर्टच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स न्या, कोऱ्या पानांचीसुद्धा. खाली दोन रुपयांना पान मिळतं, वर मागितलंत तर ऐकून घ्यावं लागेल. आणि २०२४ चं कालनिर्णय कोणाकडे पडलं असेल तर तेही न्या. बाईंचं उंदरांनी खाल्लंय.